‘किलर्स किस’ : देह आणि आवाज यांची फारकत

१

थोर पदवीस पोचलेल्या कलावंताच्या अगदी आरंभीच्या कृतींचा विचार करताना समीक्षा बहुधा दोन वाटांनी जाते. एका वाटेने जाणारा समीक्षक त्या कृतीकडे बीज म्हणून पाहतो. पुढे उभा राहिलेला वृक्ष त्याला ठाऊक असतो. म्हणून बीजावरची प्रत्येक रेघ त्याला फांदीची पूर्वखूण वाटू लागते आणि कृतीत जे नाही त्याचेही श्रेय तो तिला देऊन बसतो. दुसऱ्या वाटेने जाणारा समीक्षक तीच कृती उमेदवारीच्या काळातील खटपट म्हणून बाजूला सारतो; तिच्यातील दोष वयाच्या खाती आणि गुण प्रतिभेच्या खाती मांडून तो मोकळा होतो. ह्या वाटा परस्परविरुद्ध दिसल्या तरी एका बाबतीत त्या सारख्याच आहेत. प्रत्यक्ष कृती स्वतःच्या बळावर काय साधते आणि कोठे अडते, हा प्रश्न दोहोंतही विचारला जात नाही.

स्टॅन्ली कुब्रिक (१९२८–१९९९) ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘किलर्स किस’ (१९५५) हा ६७ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट ह्या दोन्ही प्रकारच्या समीक्षेस बळी पडला आहे. त्याविषयीचा रूढ अभिप्राय असा, की कथा पोरकट आहे, छायाचित्रण मात्र प्रौढ आहे. खुद्द कुब्रिकनेही पुढे ह्या चित्रपटाकडे मागे वळून पाहताना त्याची गणना विद्यार्थिदशेतील कामातच केली. हा अभिप्राय अगदीच निराधार आहे असे नव्हे. तथापि तो आशय आणि अभिव्यक्ती ह्यांची अशी विभागणी करतो, की एकाचे अपयश आणि दुसरीचे यश ही जणू दोन निरनिराळ्या माणसांची कामे ठरावीत. प्रस्तुत लेखात ह्या विभागणीविषयीच शंका घेतली आहे. ‘किलर्स किस’चे गुण आणि दोष एकाच उगमातून निघालेले आहेत, आणि तो उगम म्हणजे साधनांच्या अपुरेपणातून घडून आलेली देह आणि आवाज ह्यांची फारकत होय, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

चित्रपटाच्या निर्मितीची हकीकत येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण ती केवळ पार्श्वभूमी नसून कृतीच्या घडणीचा भाग आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात वाढलेला कुब्रिक वयाची विशी ओलांडण्यापूर्वीच ‘लुक’ ह्या सचित्र नियतकालिकाचा छायाचित्रकार झाला होता. वॉल्टर कार्टिअर ह्या मुष्टियोद्ध्यावर त्याने केलेली छायाचित्रमालिका १९४९ साली त्या नियतकालिकात आली आणि त्याच मुष्टियोद्ध्याच्या एका दिवसावर ‘डे ऑफ द फाइट’ (१९५१) हा त्याचा पहिला अनुबोधपट आधारलेला आहे. ‘फिअर अँड डिझायर’ (१९५३) हा त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. एका अनामिक युद्धात शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या चार सैनिकांची ती रूपककथा तत्त्वचिंतनाच्या ओझ्याखाली दबून गेली. ‘किलर्स किस’मध्ये कुब्रिकने हे ओझे उतरवून ठेवले आणि गुन्हेगारी कथेचा रुळलेला साचा पत्करला.

ह्या चित्रपटास सुमारे ७५ हजार डॉलर एवढाच खर्च आला. हॉलिवुडच्या तत्कालीन मानाने ही रक्कम अगदी किरकोळ होती. औषधविक्रीच्या व्यवसायातील मॉरिस बूसेल ह्याने पैसा पुरविला आणि सहनिर्माता म्हणून त्याचे नाव लागले. कथा, छायाचित्रण, संकलन आणि दिग्दर्शन कुब्रिकचे. पटकथेत हॉवर्ड सॅकलर ह्याचा मोठा वाटा असूनही श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. हाच सॅकलर पुढे ‘द ग्रेट व्हाइट होप’ ह्या, मुष्टियोद्ध्याच्याच जीवनावरील, नाटकासाठी १९६९ साली पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी ठरला. संगीत जेराल्ड फ्राइडचे. तयार झालेला चित्रपट युनायटेड आर्टिस्ट्स ह्या संस्थेने घेतला व वितरित केला.

ह्या साऱ्या तपशिलांत समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तपशील ध्वनीविषयीचा आहे. चित्रीकरण बहुतांशी न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर, गच्च्यांवर आणि अरुंद खोल्यांत झाले. प्रकाशयोजनेला अडथळा होतो म्हणून चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेण्याचा बेत सोडून देण्यात आला. संवाद, पावलांचे आवाज, रस्त्यावरची गजबज हे सर्व मागाहून भरले गेले. त्या वेळी नायिकेचे काम करणारी आयरीन केन उपलब्ध नव्हती. म्हणून पेगी लॉबिन ह्या नभोवाणीवरील अभिनेत्रीचा आवाज तिच्या मुखी घालण्यात आला. म्हणजे ह्या चित्रपटातील प्रत्येक देह आधी मुका होता आणि आवाज त्याला मागाहून चिकटविण्यात आला आहे. ही वस्तुस्थिती ध्यानी न घेता त्याच्या संवादांना नुसते ‘कृत्रिम’ म्हणणे हे लक्षणावर बोट ठेवणे झाले, निदान नव्हे.

३

कथेचा सांगाडा साधा आहे. उताराला लागलेला मुष्टियोद्धा डेव्ही गॉर्डन (जेमी स्मिथ) न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्थानकात सामानासह गाडीची वाट पाहत उभा आहे. गेल्या काही दिवसांत काय घडले ते त्याच्या निवेदनातून उलगडू लागते. त्याच्या खोलीसमोर, मधल्या चौकाच्या पलीकडे, ग्लोरिया प्राइस ही तरुणी राहते. तिकीट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांबरोबर नृत्यगृहात नाचणे हा तिचा व्यवसाय. नृत्यगृहाचा मालक व्हिन्सेंट रापालो (फ्रँक सिल्व्हेरा) तिच्यावर आसक्त आहे. डेव्ही एक महत्त्वाची लढत हरतो, त्याच रात्री ग्लोरियाची किंकाळी ऐकून तिच्या मदतीला धावतो आणि दोघे शहर सोडून सिॲटलजवळ राहणाऱ्या त्याच्या चुलत्याकडे जावयाचे ठरवितात. रापालोचे गुंड डेव्ही समजून त्याच्या व्यवस्थापकाला ठार मारतात आणि ग्लोरियाला पळवून नेतात. शेवटी गच्च्यांवरचा पाठलाग, पुतळ्यांच्या कारखान्यातील झुंज आणि रापालोचा मृत्यू. पोलीस डेव्हीला निर्दोष ठरवितात आणि चित्रपट पुन्हा स्थानकावर येतो.

पडते दिवस आलेला मुष्टियोद्धा, बंदिवान स्त्री, कामांध खलपुरुष, नायकाचे पूर्वकथन आणि पावसाळी काळोखी रस्ते ही सामग्री १९५५ साली कोणाला नवी नव्हती. अमेरिकन गुन्हेगारी चित्रपटांतील ह्या काळ्या धाटणीला १९४६ साली नीनो फ्रँक ह्या समीक्षकाने फ्रेंच भाषेत ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले होते, आणि ‘किलर्स किस’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी बोर्द व शोमतों ह्यांनी ह्या प्रकारावर पहिला विस्तृत ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा विषय होण्याइतका हा साचा तोवर स्थिर झालेला होता. मुष्टियोद्ध्याची शोकांतिका रॉबर्ट वाइझच्या ‘द सेट-अप’ (१९४९) मध्ये अधिक बांधेसूदपणे येऊन गेली होती. न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांचा उपयोग ज्यूल्स दासँने ‘द नेकेड सिटी’ (१९४८) मध्ये केला होता. समोरच्या खिडकीत डोकावणारा नायक हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ने १९५४ साली सर्वपरिचित केला होता. सामग्रीच्या नावीन्यावर ‘किलर्स किस’चे मोल ठरविता येणार नाही, हे उघड आहे. त्याचे मोल ठरवावयाचे ते ह्या सामग्रीची जुळणी कोणत्या तत्त्वावर झाली आहे हे पाहूनच.

४

चित्रपटातील जी दृश्ये मनावर ठसतात त्यांचे एक समान लक्षण सहज ध्यानात येते. त्या दृश्यांत बोलणारा एक असतो आणि दिसते ते दुसरेच.

डेव्ही दूरध्वनीवर आपल्या चुलत्याशी बोलत आहे तो प्रसंग पाहावा. बोलणे घरगुती, काहीसे कंटाळवाणे. परंतु त्याच्या शेजारच्या आरशात समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडले आहे आणि त्यात ग्लोरिया कपडे उतरवीत आहे. डेव्हीचे तोंड चुलत्याशी बोलत आहे, डोळे मात्र खिडकीकडे लागले आहेत. दूरच्या शेतावरचे निरोगी जीवन कानांवर पडते आणि जवळच्या खिडकीतील मुका देह डोळ्यांपुढे उभा राहतो. एकाच चौकटीत दोन जीवनमार्ग समोरासमोर येतात, आणि त्यांविषयी कोणी एक शब्दही बोलत नाही. येथे आवाज आणि दृश्य ह्यांची फारकत दोषरूप राहत नाही; तीच प्रसंगाचा अर्थ होऊन जाते.

लढतीच्या प्रसंगाची रचनाही अशीच आहे. रिंगणात डेव्ही मार खात असता रापालो आपल्या कचेरीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ती लढत पाहत आहे आणि ग्लोरिया त्याच्या जवळ आहे. रिंगणातील चित्रण कॅमेरा हाती धरून, मुष्टियोद्ध्यांच्या अगदी निकट जाऊन केले आहे. अनुबोधपटातील कमाई येथे कामी आली आहे. परंतु प्रसंगाचा कस लागतो तो संकलनात. ठोशांची आणि गर्दीच्या आरोळ्यांची लय चढत जाते तसतशी रापालोची वासना चढत जाते, आणि डेव्ही कोसळतो तेव्हा ग्लोरिया रापालोच्या मिठीत असते. ज्याने तिला सोडवावयाचे त्याचाच पराभव तिच्या छळाला उत्तेजन देतो. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर नायकाची विटंबना हाच येथे खलपुरुषाच्या रतीचा उद्दीपनविभाव झाला आहे. वीर आणि शृंगार हे दोन्ही रस एकदमच विकृत होतात, आणि ते घडून येते शब्दांच्या साह्यावाचून.

तिसरा प्रसंग व्यवस्थापकाच्या खुनाचा. नृत्यगृहाबाहेर वाट पाहत असलेल्या डेव्हीच्या गळ्यातील मफलर गोंडेदार टोप्या घातलेले दोन मद्यधुंद इसम थट्टेने हिसकावतात आणि तो त्यांच्यामागे धावतो. हा प्रसंग विनोदी आहे, जवळजवळ मूकपटातील विदूषकी चाळ्यांसारखा. परंतु डेव्ही जागेवरून हलला म्हणूनच त्याच्या जागी दुसराच मारला जातो. मारहाण डोळ्यांपुढे फार आणलेली नाही. अंधाऱ्या गल्लीतील आकृती आणि सावल्या ह्यांवरच भिस्त ठेवली आहे. हास्य आणि भयानक ह्यांना इतके निकट आणण्याचे धाडस येथे आहे. मर्ढेकरांनी सांगितलेल्या संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे विचार केला, तर ह्या प्रसंगाची बांधणी विरोधलयीवर झाली आहे, आणि नियतीच्या आंधळेपणाचा जो प्रत्यय डेव्हीच्या निवेदनातील वाक्यांना देता येत नाही, तो ह्या लयीने दिला आहे.

ह्याच्या उलट जेथे दोन पात्रे समोरासमोर बसून बोलतात, आवाजाला मुखाशी नाते जोडावे लागते, तेथे चित्रपट लंगडतो. डेव्ही आणि ग्लोरिया ह्यांचे प्रेमसंभाषण हे ह्याचे ठळक उदाहरण होय. शब्द ओठांवर नीट बसत नाहीत. स्वराची पातळी खोलीच्या आकाराशी जुळत नाही. दोघांच्या बोलण्यात एकमेकांच्या श्वासाची चाहूल नाही. परिचयाला एक दिवस होतो न होतो तोच दोघे आयुष्यभराचा निर्णय घेतात आणि प्रेक्षकाला तो पटत नाही. हा दोष निव्वळ कथेचा नव्हे, तसाच निव्वळ तंत्राचाही नव्हे. ज्या फारकतीने आरशाच्या प्रसंगाला अर्थ दिला, तीच फारकत येथे अनर्थ करते.

५

ह्या दृष्टीने चित्रपटाचा सर्वांत विचारार्ह भाग म्हणजे ग्लोरियाचे आत्मकथन. न्याहारीच्या वेळी ती डेव्हीला आपल्या घराण्याची कहाणी सांगते. वडील, थोरली बहीण आयरिस, आयरिसचे नृत्यातील यश, आजारी वडिलांसाठी तिने केलेला नृत्याचा आणि सुखाचा त्याग, वडिलांचा मृत्यू आणि त्यामागोमाग आयरिसची आत्महत्या. कहाणी दीर्घ आहे आणि तिच्यात अतिनाट्याचा भरणा आहे. परंतु पडद्यावर ह्यांपैकी काहीही दिसत नाही. वडील नाहीत, घर नाही, मृत्यू नाही. काळोख्या रंगमंचावर, प्रकाशाच्या एका झोतात, एकटी आयरिस नृत्य करताना दिसते. हे नृत्य करणारी रूथ सोबोत्का ही न्यूयॉर्क सिटी बॅलेतील नर्तिका. १९५५ सालीच तिचा कुब्रिकशी विवाह झाला.

ह्या भागाला अनेकांनी ठिगळ म्हटले आहे: पैसा नसल्यामुळे घर आणि माणसे उभी करता आली नाहीत, म्हणून नृत्यावर वेळ मारून नेली, असा हा आक्षेप. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा मानला तरी उत्तरार्ध मान्य करण्याचे कारण नाही. ग्लोरियाचा व्यवसाय नृत्याचा आहे, पण ते नृत्य विकत मिळते. तिकिटाबरोबर तिचा देह काही क्षण गिऱ्हाइकाच्या हाती जातो. आयरिसचे नृत्य कोणाच्याही हाती जात नाही. रंगमंचावर तिला स्पर्श करणारे कोणी नाही, प्रेक्षकही दिसत नाहीत. एका बहिणीने जी कला सोडली आणि प्राण दिला, त्याच कलेच्या विटंबित रूपात दुसरी बहीण प्रायश्चित्त घेतल्यासारखी जगत आहे. हा संबंध निवेदनातील शब्दांनी पुरता स्पष्ट होत नाही. नृत्यगृहातील एकमेकांना लगटून फिरणाऱ्या जोडप्यांच्या दृश्यांशेजारी हे निर्जन नृत्य ठेवल्यानेच तो सिद्ध होतो.

परंतु ह्याहूनही एक खोल गोष्ट येथे घडून आली आहे आणि ती घडवून आणण्याचा संकल्प कुब्रिकने केला होता की नाही, ह्या प्रश्नाला समीक्षेत फारसे महत्त्व नाही. संपूर्ण चित्रपटात ग्लोरियाला स्वतःविषयी सविस्तर बोलण्याची संधी एकदाच मिळते, ती येथे. त्या वेळी बोलणारा आवाज पेगी लॉबिनचा आहे, तो ज्या मुखाचा मानावयाचा ते मुख आयरीन केनचे आहे, आणि डोळ्यांपुढे जो देह आहे तो रूथ सोबोत्काचा. एक स्त्री आपले जीवन सांगत आहे, आणि त्या सांगण्यात आवाज, मुख आणि देह ही तीन निरनिराळ्या स्त्रियांची आहेत. ग्लोरिया नावाची अखंड व्यक्ती कोठेच सापडत नाही. डेव्हीला ती खिडकीच्या चौकटीतील चित्र म्हणून भेटते, रापालोला मालकीची वस्तू म्हणून, गिऱ्हाइकांना तिकिटाचा मोबदला म्हणून. आत्मकथनाच्या क्षणीही ती स्वतःची होऊ शकत नाही. कमी पैशाने आणि अडचणीने लादलेली ही तडजोड पात्राच्या दुःखाशी इतकी एकरूप होते, की तिला केवळ तडजोड म्हणणे कठीण व्हावे.

६

ह्या पार्श्वभूमीवर पुतळ्यांच्या कारखान्यातील झुंज पाहिली म्हणजे तिचे स्थान स्पष्ट होते. दुकानांच्या दर्शनी भागात ठेवावयाच्या स्त्रीपुतळ्यांचा हा कारखाना. ओळीने उभे असलेले धड, टांगलेले हात, मांडून ठेवलेली मस्तके. रापालोच्या हाती कुऱ्हाड, डेव्हीच्या हाती टोकदार लांब काठी. दोघे एकमेकांवर पुतळे आणि पुतळ्यांचे अवयव फेकतात. कुऱ्हाडीचे घाव चुकून त्या देहांवर बसतात. पुतळ्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव मात्र तसूभरही पालटत नाहीत.

ह्या प्रसंगाच्या विलक्षण दृश्यरूपाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. परंतु तो नुसता चमत्कृतिपूर्ण असता, तर शेवटची झुंज एखाद्या आरशांच्या दालनात किंवा जत्रेतील चक्रावर घडविली असती तरी चालले असते. पुतळे येथे अनिवार्य आहेत, कारण चित्रपटाने आरंभापासून जी देहांची मालिका उभी केली तिचा हा शेवटचा दुवा आहे. मुष्टियोद्ध्याचा देह जमावाला विकला जातो. नर्तिकेचा देह तिकिटावर मिळतो. आयरिसचा देह झोतात एकटा फिरतो. ग्लोरियाच्या पलंगापाशी लोंबणारी लहानशी बाहुली डेव्हीच्या हाताला लागते. सरतेशेवटी विकाऊ देह आपल्या शुद्ध रूपात, म्हणजे आवाजावाचून आणि आत्म्यावाचून, अवयवांच्या ढिगात समोर येतो. दोन पुरुष एका स्त्रीसाठी लढत आहेत. स्त्री तेथे नाही. तिच्या जागी शेकडो मुक्या स्त्रिया आहेत, आणि दोघेही त्यांची शस्त्रे करतात. डेव्ही नायक आहे आणि रापालो खलपुरुष, हा भेद ह्या दृश्यात काही काळ पुसला जातो. न्वार प्रकाराचे जे नैतिक सत्य मानले जाते, की उजेड आणि काळोख ह्यांची सीमारेषा माणसांमाणसांतून न जाता एकाच माणसातून जाते, ते ह्या प्रसंगाने एकाही वाक्याचा आधार न घेता दाखविले आहे.

७

येथवर जे सांगितले त्यावरून चित्रपटाचे समर्थन करण्याचा हेतू दिसून येईल. परंतु समर्थनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कारखान्यातील झुंजीपूर्वी एक प्रसंग येतो, आणि सर्व कथेचे ओझे वास्तविक त्यावर आहे. बंदिवान ग्लोरिया जिवाच्या भीतीने रापालोची विनवणी करते; डेव्हीवर आपले प्रेम नाही, हवे ते करीन पण मारू नकोस, अशा आशयाचे तिचे बोलणे जमिनीवर पडलेला डेव्ही ऐकतो. त्यानंतर तो खिडकीतून उडी टाकून निसटतो आणि ती मागेच राहते. दोघांनीही एकमेकांना सोडले आहे: तिने शब्दाने, त्याने कृतीने.

हा प्रसंग लिहिणाऱ्याला माणसाच्या दुबळेपणाची जाण होती ह्यात संशय नाही. तिचे बोलणे खोटे होते की खरे, तिचे आदल्या दिवशीचे प्रेम तरी खरे होते काय, आणि तिला तशीच टाकून पळणारा डेव्ही तिला दोष देण्यास पात्र आहे काय, असे गंभीर प्रश्न ह्या प्रसंगातून उभे राहतात. चित्रपट त्यांकडे पाठ फिरवितो. स्थानकावर डेव्ही आपल्या निवेदनात तिच्या येण्याविषयी आशा सोडल्यासारखा बोलतो. गाडीची वेळ होते. अखेरच्या क्षणी ग्लोरिया धावत येते, चुंबन होते, चित्रपट संपतो. ती का आली? त्या खोलीत जे बोलली त्याविषयी तिला काय वाटते? त्याच्या पळून जाण्याची तिने क्षमा केली काय? तिच्या तोंडी ह्याविषयी काहीही नाही.

सुखान्त असणे हा स्वतः दोष नव्हे. दोष हा, की ज्या स्त्रीला आवाज नाही हेच चित्रपटाने एवढ्या तीव्रतेने दाखविले, तिला शेवटीही आवाज मिळत नाही, आणि ह्या वेळी चित्रपटाला त्याची जाणीव राहत नाही. आरशातील ग्लोरिया मुकी होती तेव्हा तिचे मुकेपण आपल्याला टोचत होते. स्थानकावरची ग्लोरिया मुकी आहे तेव्हा आपण सुखावून घरी जावे अशी अपेक्षा आहे. पुतळ्यांच्या कारखान्यातून निघालेली एक मूर्ती नायकाला बक्षीस मिळावी तसा हा शेवट आहे. रूढ टीका ‘कथा कच्ची’ म्हणते तेव्हा तिला बहुधा हेच जाणवलेले असते. परंतु कच्चेपणा कथेच्या साचेबंदपणात नसून, चित्रपटाने स्वतः उभा केलेला प्रश्न शेवटी सोडून दिला ह्यात आहे.

दोष सांगितल्यावर स्थानकाविषयी एक गोष्ट नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ज्या भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानकात ही कथा सुरू होते आणि संपते, ते १९६३ पासून पाडण्यात आले. टाइम्स स्क्वेअरचे दिवे, दुकानांच्या काचा, जिन्यांचे काळोख आणि ओसाड गच्च्या ह्यांचे जे चित्रण कमी खर्चाच्या निकडीमुळे प्रत्यक्ष जागी करावे लागले, ते आज एका लुप्त शहराचा दस्तऐवज झाले आहे. कथेने जे टिकवावयाचे होते ते पुरतेपणी टिकले नाही; तिची पार्श्वभूमी म्हणून जे घेतले ते टिकले. छायाचित्रकाराची निष्ठा कथाकाराच्या निष्ठेहून अधिक खोल होती, एवढाच ह्याचा अर्थ.

८

कुब्रिकने पुढच्याच वर्षी ‘द किलिंग’ (१९५६) हा चित्रपट केला. तेथे कथा लायनेल व्हाइटच्या कादंबरीची होती, व्यावसायिक नट होते, चित्रीकरणाबरोबर घेतलेला आवाज होता, आणि कालक्रमाची गुंतागुंतीची मांडणी विलक्षण सफाईने पेललेली होती. ‘किलर्स किस’मधील उणिवा त्यात दिसत नाहीत. मात्र आरसा, नृत्य आणि पुतळे ह्यांनी मिळून जो एक विचार ह्या लहान चित्रपटात दृश्यरूपाने मांडला, तोही त्यात नाही. प्रगती ही नेहमी बेरजेनेच होते असे नाही.

‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) मधील स्त्रीमूर्तींची बैठकीची सामग्री किंवा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मधील देह नसलेला यंत्राचा आवाज पाहून त्यांची बीजे ‘किलर्स किस’मध्ये शोधण्याचा मोह अभ्यासकाला होईल. तो आवरलेला बरा. १९५५ सालच्या ह्या चित्रपटाला त्या कृतींचे श्रेय देण्याची गरज नाही, आणि त्यांच्या तुलनेने तो लहान ठरविण्याचीही नाही. अपुऱ्या साधनांनी कलावंताला मुके चित्र आणि उपरा आवाज ह्यांपलीकडे काही दिले नाही; त्याने त्या फारकतीतूनच आपला विषय शोधला, काही प्रसंगी तो नेमकेपणाने पकडला आणि शेवटी तो त्याच्या हातून निसटला. पकडला ते कोठे आणि निसटला ते कोठे, हे पाहणे हाच आरंभीच्या कृतीला न्याय देण्याचा मार्ग होय. पुढील कीर्तीची सावली दूर सारली, तरच ग्लोरियाच्या त्या मुक्या खिडकीत किती प्रकाश आहे ते दिसू शकते.